मदत हवी आहे: विर्बेलविंडवरून विमान पडत नाही, भाचा दर शनिवारी बॉम्बखाली जातो

कोथरूडचा_मामा

नमस्कार मंडळी,

वॉर थंडर हा रणगाडे आणि विमानांचा ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांपैकी विमानवेधी गाडी घेणारे कुणी इथे असतील तर त्यांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे माझं नेमकं कुठे चुकतंय ते तुम्हाला शोधता येईल.

मी आणि माझा भाचा दर शनिवारी रात्री दहा ते बारा स्क्वॉड करून खेळतो. तो नागपूरला हॉस्टेलवर, मी इथे कोथरूडला. जर्मन झाड (जर्मन गाड्यांचा गट), रिअलिस्टिक मोड. तो पँझर ४ टँक घेऊन कॅपवर (ताब्यात घ्यायच्या जागेवर) जातो आणि मी विर्बेलविंड ही चार नळ्यांची विमानवेधी गाडी घेऊन त्याचं आकाश सांभाळायचं, असं ठरलंय. लहानपणी सुट्टीत तो आमच्याकडे असायचा. आता बोलणं म्हणजे हे दोन तासच. जुलैमध्ये त्याची इंटर्नशिप सुरू होतेय, शिफ्टची नोकरी आहे, म्हणजे हातात सहा शनिवार आहेत. तेवढ्यात हे काम नीट जमावं अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी. पहिली काही मिनिटं विमानं नसतात, कारण स्पॉन पॉईंट (खेळताना मिळणारे गुण) जमल्याशिवाय ती घेता येत नाहीत. मग कुणीतरी पी-४७ हे अमेरिकन लढाऊ विमान घेतो. गेल्या शनिवारी भाचा कॅपजवळच्या पडक्या चर्चच्या भिंतीला लागून उभा होता. मी मागे स्पॉनच्या (सुरुवातीच्या जागेच्या) बाजूला, त्याच्यापासून पाचसहाशे मीटरवर. विमान डावीकडून उजवीकडे खाली येत होतं. मी त्याच्या नाकापुढे विमानाच्याच तीन लांब्या सोडून चारी नळ्या सुरू केल्या. ट्रेसर (चमकत जाणारे गोळे) अगदी नाकापुढून जाताना दिसले, मला वाटलं लागलंच. विमानाला ओरखडा नाही. हेडफोनमध्ये "मामा, वर!" एवढंच ऐकू आलं आणि नकाशावरचा त्याचा टँक गेला. एका रात्रीत तीनदा हेच झालं.

करून पाहिलेल्या गोष्टी: माऊसचा डीपीआय १६०० वरून ८०० वर आणला. वायफाय सोडून केबल लावली. युरोप सर्व्हरवर पिंग १४० च्या आसपास राहतो, पण पॅकेट लॉस नाही. टेस्ट ड्राईव्हमध्ये विमानं पाडतो, पण ती सरळ रेषेत उडतात. आर्केडमध्ये नेम कुठे धरायचा ते चिन्ह दिसतं, तिथेही जमतं. रिअलिस्टिकमध्ये ते चिन्ह नाही आणि तिथेच सगळं अडतं.

किती पुढे मारायचं? कधी सुरू करायचं? की गाडीच बदलू, ऑस्टविंड घेऊ?

---

विश्रांतवाडीकर

मामा, तीन लांब्या फारच कमी आहेत. गणित करून बघा.

विमान ताशी ४०० किमीने चाललंय असं धरा, म्हणजे सेकंदाला १११ मीटर. तुमच्या २० मिमीचा गोळा नळीतून साधारण ९०० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो, पण हवेत भराभर मंदावतो. ६०० मीटर जायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ धरा. तेवढ्यात विमान ९०-९५ मीटर पुढे गेलेलं असतं. पी-४७ ची लांबी ११ मीटर. म्हणजे आठ-नऊ लांब्या, तेही विमान अगदी आडवं जात असेल तर. ८०० मीटरवर सव्वा सेकंद धरा, मग बारा लांब्या होतात. दीड किलोमीटरवर तर गोळे फुकटच घालवायचे. आणि डाईव्हमध्ये विमानाचा वेग ४०० राहत नाही, ५०० च्या वर सहज जातो.

हे मला कागदावर कळत नव्हतं, घराच्या गच्चीत कळलं. आमच्या डोक्यावरून लोहगावची सुखोई जातात (२००२ साली सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झालं ते इथेच). आवाज येतो तिकडे मान वळवली की तिथे काहीच नसतं, विमान केव्हाच पुढे गेलेलं असतं. दीड किलोमीटरवरून आवाज पोचायला चार सेकंदांहून जास्त लागतात ना. तुमचा गोळा आवाजापेक्षा वेगवान आहे, पण दुखणं तेच: पोचेपर्यंत ते तिथे नसतं.

विमान तिरकं येत असेल तर लीड, म्हणजे नेम पुढे धरायचं अंतर, कमी होतो. तुमच्या नजरेच्या रेषेशी त्याचा मार्ग तीस अंशांत असेल तर बरोबर निम्मा. गाडी बदलू नका. ऑस्टविंडची ३७ मिमी एक गोळा लागला तरी विमान फाडते, पण नळी एकच. हात बसेपर्यंत चार नळ्याच बऱ्या.

---

पेठेतला_पायलट

मी पलीकडच्या बाजूने लिहितो, कारण मी पी-४७ च घेतो.

वरून आम्हाला खाली काही दिसत नाही. झाडं, घरं, धूर. पण कुणी दोन किलोमीटरवरून ट्रेसरची माळ सोडली की त्याची जागा लगेच कळते. मग आधी तोच. विर्बेलविंडचं टरेट (नळ्यांचा फिरता बुरूज) वरून उघडं आहे, पन्नास कॅलिबरच्या आठ मशिनगन दोन सेकंद चालवल्या की आतला क्रू संपतो. खऱ्या जर्मन सैनिकांनी या गाडीला बिस्किटाचा डबा असं नाव ठेवलं होतं, ते त्या टरेटच्या आकारावरून. वरून बघताना ते पटतं.

आणि ट्रेसर नाकापुढून गेले म्हणताय ना, त्यावर भरवसा ठेवू नका. ट्रेसर तुमच्या जवळ असताना विमानाच्या पुढे दिसतो, पण विमानाच्या अंतरावर पोचेपर्यंत मागे पडलेला असतो. सर्व्हर रिप्ले उघडा, त्या विमानाच्या कॅमेऱ्यातून बघा. कळेल.

---

कोथरूडचा_मामा

दोघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन दिवस लागले, गुरुवारी आमच्याकडे दिवसभर वीज नव्हती.

रिप्ले पाहिला. तीनही विमानांच्या मागून पाहिला, वेग कमी करून. पायलटदादा म्हणतात ते शंभर टक्के खरं. माझी माळ शेपटीच्या मागून चार-पाच लांब्यांवरून जातेय. एकदाही जवळून नाही. मी जिथे "लागलं" म्हणून ओरडलो होतो, तिथे तर सगळ्यात लांबून गेली. आणि दुसऱ्या वेळी ते विमान आधी भाच्याच्या दिशेने नव्हतंच, माझे ट्रेसर दिसल्यावर वळलंय. मी तोंड दाखवलं आणि भाचा रस्त्यात सापडला. हे बघून फार वाईट वाटलं.

शुक्रवारी तासभर सराव केला. आठ लांब्या डोळ्यांनी मोजायला जातो तोवर विमान निघून जातं. यावर काही युक्ती आहे का?

---

निवृत्त_तोपची

मी हा खेळ खेळलेलो नाही. नातवाने धागा दाखवला म्हणून लिहितो. आर्मी एअर डिफेन्समध्ये होतो, आधी एल-७० तोफेवर आणि नंतर शिल्का या विमानवेधी गाडीवर. मी भरती झालो तेव्हा आम्ही तोफखान्यातच होतो, १९९४ च्या जानेवारीत आमची शाखा वेगळी झाली.

शिल्काला चार नळ्या, २३ मिमी, मिनिटाला तीन हजारांच्या वर गोळे, वर रडार. लीड यंत्र काढून देतं. तुमच्या गाडीत माणूसच यंत्र आहे, त्यामुळे आठ लांब्या मोजण्याचा तुमचा त्रास मला समजतो. पण तुमचा प्रश्न वाचताना मला दुसरीच गोष्ट खटकली. तुम्ही तोफ चुकीच्या जागी लावताय.

आमच्याकडे पहिला प्रश्न विमानाचा नसतो. वाचवायचं काय, हा असतो. पूल, दारूगोळ्याचं कोठार, रडार, जे असेल ते. त्याला आम्ही व्हीपी म्हणतो. तोफांची जागा त्याच्याकडे बघून ठरते. तुमचा व्हीपी म्हणजे तुमचा भाचा. तुम्ही त्याच्यापासून सहाशे मीटर बाजूला बसता. विमान त्याच्यावर झेपावतं तेव्हा तुम्हाला ते आडवं दिसतं. सगळ्यात अवघड नेम तुम्ही स्वतःहून निवडलाय.

त्याच्या मागे शंभर-सव्वाशे मीटरवर या, विमान ज्या बाजूने येण्याची शक्यता आहे त्याच्या विरुद्ध बाजूला. आता तेच विमान तुमच्याकडे तोंड करून येईल. ते आकाशात सरकणार नाही, एकाच जागी मोठं मोठं होत जाईल. आठ लांब्या नाहीत, एक-दीड लांबीचा फरक उरेल. अगदी चिकटून उभे राहू नका, बॉम्ब त्याच्यासाठी असला तरी उघड्या टरेटला धक्का पुरतो.

दुसरं. विमान पाडणं हे आमचं यश नव्हतंच. पायलटने बॉम्ब लवकर सोडला, वाकडा सोडला किंवा न सोडताच वळला, तर तोफेचं काम झालं. तुमच्या लिहिण्यात पडलेली विमानं मोजलेली आहेत, चुकलेले बॉम्ब कुठेच मोजलेले नाहीत. पायलटच्या डोळ्यापुढे आग उभी करा. तो माणूस आहे, त्याचा हात हलतो.

---

टेकडीवरची

काका, जागेबद्दलचं तुमचं म्हणणं मी आजच वापरून पाहिलं, फार मोठा फरक आहे. पण लवकर आग सुरू करण्याबद्दल या खेळापुरता माझा वेगळा अनुभव आहे. इथे पायलट मेला तरी त्याचा जीव जात नाही, त्यामुळे बरेच जण ट्रेसरला भीत नाहीत, सरळ आत घुसतात. म्हणून मी ७००-८०० मीटरच्या आत येईपर्यंत गप्प असते. अपवाद एकच: आपला माणूस थेट त्याच्या रेषेत असेल तर लांबूनही छोटे बर्स्ट द्यायचे.

मामा, आठ लांब्या मोजू नका. विमान पडद्यावर किती भराभर सरकतंय ते बघा. माऊस आधी विमानाबरोबर नेत राहायचा, मग त्याच वळणात पुढे झेप घ्यायची आणि तिथे थांबून गोळे सोडायचे. विमानाला स्वतःहून माळेत शिरू द्यायचं. सतत मागे मागे नळी फिरवली की आपण कायम शेपटीमागेच राहतो.

बॉम्ब सोडल्यावर तो वर खेचतो, त्या क्षणी पूर्ण पोट आणि दोन्ही पंख तुमच्याकडे असतात आणि वेगही पडत जातो. तो क्षण सोडू नका. बॉम्ब पडला म्हणून पुष्कळ जण तिथेच बटण सोडतात.

वाट बघताना कीबोर्डवरचं आय (I) बटण दाबून इंजिन बंद ठेवा. विमान कुठल्या बाजूला आहे ते हेडफोनमध्ये दिसण्याआधी ऐकू येतं. आणि बेल्ट स्फोटक गोळ्यांचा घ्या. चिलखतभेदी गोळे पंखातून आरपार जातात, भोक पडतं, बाकी काही होत नाही.

---

कोथरूडचा_मामा

शनिवार झाला. लगेच लिहितोय, झोपायच्या आधी.

पाच वेळा विमानं आली. पडलं एकच. काकांनी सांगितल्यापासून मी वहीत दोन रकाने केलेत, त्यातल्या दुसऱ्यात लिहिलंय: तीन बॉम्ब चुकले. पाचव्याने आम्हा दोघांनाही नेलं, तो पायलट चांगला होता.

एक सांगतोच. भाचा दगडी घराच्या कोपऱ्याला, मी त्याच्या मागे सव्वाशे मीटरवर भिंतीआड, इंजिन बंद. आवाज समोरून आला. पी-४७ ढगातून निघालं आणि खरंच आकाशात एका जागी थांबल्यासारखं दिसायला लागलं. फक्त ते गोल नाक मोठं होत होतं. भाचा हळू आवाजात "मामा... मामा..." करत होता. मी पंखांवरची आग दिसेपर्यंत थांबलो आणि नाकाच्या थोडं खाली धरून सोडलं. डाव्या पंखातून पांढरा पट्टा निघाला, बॉम्ब आमच्या दोघांच्याही उजवीकडे ओढ्यात पडला, विमान तसंच धूर काढत निघून गेलं. ते पडलं नाही. गेल्या आठवड्यात मी ते वाया गेलं असं लिहिलं असतं. भाच्याने कॅप घेतली आणि म्हणाला, "मामा, आज पहिल्यांदा मी वर बघितलं नाही."

काका, नातवालाही माझा नमस्कार सांगा.

आता एकच अडतंय. आयएल-२, ते रशियन हल्ला विमान. तशीच जागा, तसाच नेम, गोळे लागताना दिसले, हिट दाखवतोय, आणि ते काही न झाल्यासारखं पुढे येतं. त्यानेच आम्हाला नेलं. काय करायचं?

---

टेकडीवरची

आयएल-२ ला समोरून मारू नका. त्याचं इंजिन आणि पायलट चिलखताच्या टबात बसवलेले आहेत, नाकावर २० मिमीचे गोळे नुसते वाजतात. त्याच्यासाठी तुमची नवी जागा उलट काम करते. ते विमान ओळखू आलं की भाच्यापासून दोनशे मीटर बाजूला सरका आणि आडव्यातच घ्या, नेम पायलटवर नाही, शेपटीच्या मुळाशी. ते पी-४७ पेक्षा हळू आहे, त्यामुळे लीड कमी लागतो. ठीक मागे मात्र राहू नका, दोन माणसांच्या आयएल-२ मध्ये मागचा गनर असतो.

आणि भाच्याला सांगा, आयएल-२ आलं की वर बघायचं, घराच्या पलीकडच्या बाजूला जायचं. तुम्हाला सरकायला दहा-पंधरा सेकंद लागतील, तेवढे त्याने काढून द्यायचे.