नववीला नाझी काळातली शाळा कशी शिकवावी?

प्रश्न (धंतोली, नागपूर)
सीबीएसई नववीसाठी 40 मिनिटांच्या दोन तासिका आहेत. ‘हिटलरनं देशाला शिस्त लावली’ हे वाक्य वर्गात हमखास येतं. ज्यूंचा द्वेष मुलांच्या डोक्यात नेमका कोणत्या वाटेनं उतरवला, हे कसं उलगडावं? आणि आपल्या दारावरच्या स्वस्तिकाबद्दल विचारलं तर काय सांगावं?

उत्तर (महाल)
मॅडम, सुरुवात गणितानं करा. 1935 च्या एका जर्मन पाठ्यपुस्तकातलं उदाहरण फळ्यावर लिहा: मनोरुग्णालय बांधायला 60 लाख मार्क (जर्मनीचं तेव्हाचं चलन) लागले, तेवढ्या पैशांत 15 हजार मार्कांची किती घरं झाली असती? काही न सांगता सोडवायला द्या. 400 हे उत्तर मिनिटभरात येईल. मग विचारा, या गणितानं कोणाला ओझं ठरवलं? पोरं भागाकारात गुंतली, आणि रुग्णावरचा खर्च वाया जातो हे आधीच मान्य करून बसली. विष असंच अभ्यासाच्या पुडीत बांधून दिलं जायचं. 1940-41 मध्ये 70 हजारांहून जास्त मनोरुग्ण आणि अपंगांना विषारी वायूनं मारलं, हे त्यानंतरच सांगा.

मग तारखा. एप्रिल 1933 मध्ये बहुतेक ज्यू शिक्षकांना सरकारी नोकरीतून काढलं. त्याच महिन्याच्या 25 तारखेच्या कायद्यानं नव्या प्रवेशांत ज्यू मुलांचं प्रमाण दीड टक्क्यावर आणलं. 15 नोव्हेंबर 1938 ला उरलेल्यांनाही जर्मन शाळांतून हाकललं. बाकावरचा सोबती नाहीसा झाला; ज्यू कसा असतो हे सांगायला फक्त पुस्तक आणि मास्तर उरले. ज्यू लोकसंख्येच्या 1 टक्क्याहूनही कमी होते, हे इथेच सांगा.

शिस्तीचा मुद्दा आला की शाळा सुटल्यानंतरचं दाखवा. नाझींच्या मुलांसाठीच्या संघटना होत्या: 10 व्या वर्षापासून युंगफोक, 14 नंतर हिटलर युवा, मुलींच्या वेगळ्या शाखा. मार्च 1939 पासून सक्ती. संध्याकाळी कवायत, सुटीत शिबिर. मुलाला घरात बसून चार प्रश्न विचारायला वेळच उरत नसे.

उत्तर (प्रतापनगर)
अर्धा वर्ग ज्यू, अर्धा नाझी असं नाट्य कृपा करून बसवू नका. एखादं पोर खरंच एकटं पडतं, आणि बाकीच्यांना गंमत वाटते. नाझी व्यंगचित्रंही पडद्यावर नकोत: आठवड्यानं तुमचं बोलणं विसरतं, चित्र तेवढं राहतं. 1938 च्या एका बालपुस्तकात आई मुलाला जंगलात अळंबी दाखवते आणि विषारी अळंबी ओळखावी तसे ज्यू ओळखावेत असं शिकवते. तो प्रसंग फक्त तोंडी सांगा आणि युक्ती मुलांनाच शोधू द्या. आईच्याच तोंडून का? ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात का?

उत्तर (महाल)
स्वस्तिकाचं राहिलं. ‘हिटलरनं उलटं केलं’ हे चूक. बाहू आपल्यासारखेच उजवीकडे वळतात. त्याचं चिन्ह काळं, बहुधा 45 अंशांत तिरपं, लाल कापडावर पांढऱ्या वर्तुळात. 1920 पासून पक्षाचा झेंडा, 1935 पासून देशाचा.

दुसऱ्या तासिकेचा उत्तरार्ध हान्स आणि सोफी शोल या नाझींना विरोध करणाऱ्या जर्मन भावंडांना द्या. आधी दोघंही हिटलर युवा आणि तिच्या मुलींच्या शाखेत उत्साहानं गेले होते, हान्स तर पथकप्रमुख होता. 1942 च्या उन्हाळ्यात त्यांच्या ‘व्हाइट रोझ’ या नाझीविरोधी गटाच्या दुसऱ्या पत्रकात पोलंडमध्ये 3 लाख ज्यूंची हत्या झाल्याचं छापलं होतं. अशा पत्रकांपायीच 22 फेब्रुवारी 1943 ला म्युनिकमध्ये दोघांचा शिरच्छेद झाला. सोफी 21 वर्षांची होती.