विंडोजच्या शेजारी लिनक्स: नवशिक्यांना हा सल्ला देणं थांबवा

खटपट्या:
उबुंटूप्रेमी यांनी काल लिहिलं, "विंडोज १०चा आधार संपला म्हणून रडू नका. त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. ज्यांना जमत नाही ते आळशी." त्या 'आळशी' शब्दाचा मला संताप आला, कारण अशा सल्ल्यानंतर अडकलेली मशिन्स दुरुस्तीला माझ्याकडे येतात.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नियमित अपडेट थांबल्यावर लोक घाबरले, ते साहजिक आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, इंटेल प्रोसेसरची साधारण आठवी पिढी तरी हवी, म्हणजे त्याआधीचे धडधाकट लॅपटॉप बाद. पण उपाय सांगताना डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरचा उल्लेखही नको? बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूटला (फक्त साइन केलेली सिस्टीमच सुरू होऊ देणाऱ्या सोयीला) हात लावला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की असते मायक्रोसॉफ्ट खात्यात, आणि ते खातं मशीन विकणाऱ्याने स्वतःच्याच ईमेलवर उघडून दिलेलं. एका मुलीचा अख्खा प्रोजेक्ट असा कुलपात अडकला. तिला आळशी म्हणायचं?

फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पुरतं बंदच होत नाही, मग लिनक्समधून तो ड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. सी ड्राइव्हमध्ये भरपूर जागा मोकळी दिसते, पण न हलणाऱ्या फाइल्समुळे तो हवा तेवढा आकसत नाही. काही लॅपटॉपवर डिस्क हाताळण्याच्या इंटेल आरएसटी मोडमुळे इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.

डेटा काढून घ्या आणि पूर्ण लिनक्स टाका, नाहीतर दुसरी एसएसडी बसवा. एकाच डिस्कवर दोन्ही टाकायला नवशिक्याला सांगू नका.

उबुंटूप्रेमी:
असहमत. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारासाठी सिक्युअर बूट बंद करावं लागतच नाही, त्याचा सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्रॅम, शिम, मायक्रोसॉफ्टनेच साइन केलेला असतो. फास्ट स्टार्टअप कंट्रोल पॅनेलमधून बंद होतं. तुम्ही सांगता त्या अडचणी सूचना न वाचणाऱ्यांच्या आहेत. माझ्या वडिलांचं वय सत्तरच्या पुढे आहे. ते रोज मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून हवी ती सिस्टीम निवडतात.

खटपट्या:
वडिलांना ते बसवून कोणी दिलं? तुम्हीच ना? आणि ऑगस्ट २०२४ विसरलात? विंडोजच्या अपडेटने एसबॅटचं (जुने, असुरक्षित बूटलोडर अडवण्याचं) धोरण बदललं आणि लोकांचं लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' दाखवून थांबलं. ज्या मशीनवर दोन्ही सिस्टीम आहेत तिथे हे लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने आधी सांगितलं होतं. पूर्ण दुरुस्ती आली मे २०२५मध्ये. त्या लोकांनी कोणती सूचना वाचली नव्हती?

उबुंटूप्रेमी:
एमओकेयुटिल या लिनक्सच्या टूलची एक कमांड होती त्यावर. पण ठीक आहे, नवशिक्याला ती कोण सांगणार, हे मान्य. एवढंच मान्य.

वऱ्हाडी_गडी:
घड्याळाचं कोणीच बोलत नाही! लिनक्स हार्डवेअर घड्याळात यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. दुकानाच्या बिलांवर सकाळी दहाच्या जागी पहाटे साडेचार छापलं जात होतं. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिल्यावर सुटलं.

अक्षरजुळणी:
तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्याच्या आधीचा प्रश्न: लोक विंडोज सोडत का नाहीत? मी सांगलीत डीटीपी करते. माझ्याकडे वर्षानुवर्षांच्या फाइल्स युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. डिझाइनचं कोरलड्रॉ लिनक्सवर चालत नाही. पत्रिका, स्मरणिका, कार्यअहवाल, सगळं त्यात. म्हणून मला दोन्ही लागतात, आणि खटपट्यांचा 'पूर्ण लिनक्स' मला उपयोगाचा नाही.

उबुंटूप्रेमी:
ताई, इथेच मराठीचं नुकसान होतंय. त्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. शोधता येत नाही, वेबवर टाकता येत नाही. युनिकोडचं इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्ही सिस्टीमवर सारखंच चालतं. शिफ्ट-जे दाबून 'ऱ' घ्या, पुढे हलंत आणि य, 'सुऱ्या' नीट येतं. केरळच्या शाळा लिनक्सवर चालतात, आपल्याला काय झालं?

अक्षरजुळणी:
शाळेचं उदाहरण छापखान्याला देऊ नका. जुन्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली की फाइल कन्व्हर्टरमधून काढायची, मग रफार सुटतात, जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व इकार भलत्या अक्षराला चिकटतो. पुन्हा पहिल्या पानापासून मुद्रितशोधन. त्याचे पैसे लेखक देत नाही, प्रकाशक देत नाही. तुम्ही कधी चारशे पानांचे प्रूफ तपासलेत का? मग नुकसानीचं मला शिकवू नका.

उबुंटूप्रेमी:
प्रूफ नाही तपासले. तरी युनिकोड लांबवल्याने हे ओझं वाढतच जाणार.

अक्षरजुळणी:
नवीन काम मी युनिकोडमध्येच घेते. मुक्ता फॉन्ट चांगला आहे, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा. पण लिनक्सवरच्या स्क्राइबस आणि इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची सवय व्हायला वेळ लागतो, आणि लग्नाची पत्रिका उद्या संध्याकाळी हवी असते.

वऱ्हाडी_गडी:
लिनक्सच्या आतच, व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ठेवा ना.

अक्षरजुळणी:
आठ जीबी रॅममध्ये? मोठं फ्लेक्स उघडून बघा.

खटपट्या:
ताईंसाठी दुसरी एसएसडीच. लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क काढून ठेवायची, म्हणजे बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) तिच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे बूटसाठीच्या भागात, जात नाही. कुठली सिस्टीम हवी ते बायोसच्या बूट मेनूतून निवडायचं.

उबुंटूप्रेमी:
ही पद्धत उत्तम, मी विरोध करत नाही. पण ज्याच्या लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉटच नाही त्याने काय करायचं? त्याला एकच डिस्क वाटून घ्यावी लागते.

खटपट्या:
मग आधी बॅकअप, रिकव्हरी की कागदावर, फास्ट स्टार्टअप बंद, आणि पार्टिशन विंडोजमधूनच आकसायचं. हे तुमच्या सल्ल्याच्या वर लिहा.

उबुंटूप्रेमी:
लिहितो. 'आळशी' काढतो.

अक्षरजुळणी:
एसएसडी घेईन. माझा जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर चालेल का, ते मात्र आधी सांगा. त्यावर ट्रेसिंग पेपर काढते, तो बंद पडला तर धंदा बंद.

वऱ्हाडी_गडी:
मॉडेल लिहा. आणि आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून एक पान छापून बघा, डिस्कला हात न लावता.