हातातला फोर्स गेज स्टँडवर बसवायचाय, मदत हवी

प्रश्न (हिंगणा_क्वालिटी):
नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत छोट्या वायरिंग हार्नेस (वायरींचे जुडगे) युनिटात मी क्वालिटी बघते. वायर किती जोराने सुटते ते बघायला क्रिम्प केलेलं (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं) टर्मिनल व्हाइसमध्ये धरायचं, वायर हुकला अडकवायची आणि ५०० न्यूटनपर्यंत जोर मोजणारा डिजिटल गेज दोन्ही हातांनी ओढायचा, अशी पद्धत होती. मागच्या मंगळवारी वायर सटकन सुटली आणि गेज आमच्या हेल्परच्या ओठावर बसला. दोन टाके पडले. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. त्या दिवसापासून मी हाताने ओढणं बंद केलंय.
लिव्हरचा उभा स्टँड पडून आहे. गेजच्या मागे एम४ची चार भोकं आहेत. कोणतेही स्क्रू चालतील का? आणि हुक काढूनही गेज ४ न्यूटन दाखवतो. झिरो दाबलं की जातं. वापरू का?

जुना_फिटर:
ताई, बंद केलं ते फार चांगलं केलं.
आधी स्क्रू. स्टँडची पट्टी ६ मिमीची आणि गेजमध्ये ५ मिमीच जायला जागा असेल तर १० मिमीचा स्क्रू घ्या. १२चा घेतला तर आतल्या बोर्डाला टेकेल. किती आत जातो ते मॅन्युअलमध्ये असते. चारही भोकं वापरा.
हुक हातानेच फिरवून घट्ट करा, पाना लावू नका. तो पीळ थेट लोड सेलवर, म्हणजे गेजमधल्या जोर मोजणाऱ्या भागावर जाते.
आता खरी गोष्ट. ओढ सरळ रेषेतच पाहिजे. हुकाला दोरा बांधून ओळंबा सोडा. टोक व्हाइसच्या जबड्याच्या बरोबर मधात यायला हवं. बाजूला येत असेल तर व्हाइस सरकवा, गेज वाकवू नका. तिरक्या ओढीने आकडाही चुकते आणि सेलही जाते. हाताने ओढताना नेमकं हेच होत राहते.
वायर आखूड ठेवा, लिव्हर हळू आणि एकसारखा ओढा, आकडा पीक मोडवर (सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवते तो) घ्या. समोर पॉलिकार्बोनेटची शीट आणि डोळ्यावर गॉगल असल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका.

बुटीबोरी_कॅलिब्रेशन:
त्या ४ न्यूटनवर झिरो दाबून पुढे जाऊ नका. झिरोने फक्त आकडा लपतो. झटक्याने सेल कायमचा वाकलेला असू शकतो, आणि गेज बंद असतानाही जास्त भार आला तरी तो बिघडतो. हुकाला १० किलोचं शिक्क्याचं वजन टांगा, ९८ न्यूटनच्या आसपास यायला हवेत. मग २० किलो, १९६. इतवारीतल्या ओळखीच्या किराणा दुकानातूनही वजनं मिळतील. पण हा फक्त अंदाज, सर्टिफिकेटसाठी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची लॅबच. आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. बरेच गेज ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात, आपल्याकडे दुपारी पारा त्याच्या वर असतो.

हिंगणा_क्वालिटी:
वजनं टांगली. १० किलोला ९३, २० किलोला १८५. म्हणजे गेले कित्येक दिवस आम्ही चुकीचे आकडे रजिस्टरला लिहिलेत. गेजवर लाल टॅग लावलाय, त्या गेजवर तपासलेली बॅच थांबवली आहे आणि मालकांना सांगितलंय. व्हाइस ओळंब्यापासून पाऊण इंच बाजूला होता, तो आजच सरकवला.