“भगतानं उतरवलेले बरे होतात की!” पालकांना काय सांगू?

रानजाई

रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पाऊस लागला की इथे सापांचा विषय निघतोच, म्हणून या वेळच्या पालकसभेत सर्पदंशावर अर्धा तास बोलले. फळ्यावर नाग, मण्यार, घोणस, फुरसं अशी चारही विषारी सापांची चित्रं लावली. विष मज्जातंतूंवर काय करतं, रक्तावर काय करतं, सगळं सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मला वाटलं, पोचतंय.

मग मागून एक बाप उठला. “बाई, माझ्या डोळ्यांदेखत भगतानं चार जणांचं विष उतरवलं. चौघंही आज नांगर धरतायत. दवाखान्यात नेलेला माझा चुलता मात्र गेला. आता तुम्ही सांगा.”

मला उत्तर सुचलं नाही. “ही अंधश्रद्धा आहे,” एवढंच तोंडून निघालं. तो गप खाली बसला. सभा तिथेच संपली, नंतरची दहा मिनिटं मी नुसती बोलत राहिले. तो खोटं काहीच बोलला नव्हता. जे पाहिलं ते त्यानं सांगितलं, आणि मी त्याच्या पाहण्यालाच नाव ठेवलं. ते अजून डाचतंय.

निघताना एका आजीनं विचारलं, “मण्यार चावला तर खूण दिसत नाय म्हनता, मंग कळायचं कसं?” खरा कामाचा प्रश्न हाच होता आणि मी तो घेतलाच नव्हता. पुढच्या शनिवारी पुन्हा सगळ्यांना बोलावलंय. त्या बापाला काय सांगू?

पीएचसीतला डॉक्टर

ताई, ते चौघं बरे झाले हे मान्य करूनच सुरुवात करा. गावात चावणारे बरेचसे साप धामण, दिवड, तस्कर असले बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही, त्याला आम्ही कोरडा दंश म्हणतो. ही माणसं भगताकडे जावोत नाहीतर घरी बसोत, बरी होणारच. दवाखान्यात माणूस येतो कधी? भगताकडे रात्र काढून, पापण्या मिटायला लागल्या की. म्हणजे हलके सगळे त्याच्या वाट्याला आणि जड सगळे आमच्या, तेही उशिरा.

हे तोंडी सांगून पटत नाही. पिशवीत शंभर चिंचोके घाला, त्यातल्या थोड्यांना चुना लावा. चुन्याचा चिंचोका म्हणजे विष भिनलेला दंश. प्रत्येकाला न बघता एकेक काढू द्या. सलग पाच-सहा बिनचुन्याचे आले की हिशोब त्यांचा तेच करतील. चुलत्याला किती वाजता चावलं आणि दवाखान्यात कधी नेलं, हेही विचारा, पण चारचौघांत नको.

आणखी एक. घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असेल तर आम्ही कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतो, वीस मिनिटं न हलवता ठेवतो आणि मग नळी आडवी करतो. चांगलं रक्त घट्ट दह्यासारखं थिजलेलं असतं. विष भिनलं असेल तर दुधासारखं वाहतं. मी ती नळी नातेवाइकांच्या समोरच आडवी करतो. ते पाहिल्यावर “घरी नेतो” म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. कडुलिंबाचा पाला कडू लागतो का, मिरची तिखट लागते का, या विष चढलंय का बघायच्या परीक्षा वाडीवर सगळ्यांना ठाऊक असतात. दह्याची ही परीक्षा त्यांच्या शेजारी ठेवा.

डोंगरवाट

आजींच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण माझी मावशी मण्यारानं गेली.

पडवीत जमिनीवर झोपली होती. पहाटे पोटात दुखतंय म्हणाली, आजीनं ओवा आणि गरम पाणी दिलं. मग एक उलटी झाली. मग म्हणाली, डोळे उघडवत नाहीत. आम्ही म्हटलं, झोप झाली नाही, पडून राहा. पायाला सूज नाही, रक्त नाही, साप कुणी पाहिलेला नाही. बोबडी वळली तेव्हा गाडी शोधायला धावलो. वाटेतच श्वास थांबला.

म्हणून आजींना एवढंच सांगा: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, घोट गिळवेना, तर साप दिसला नसला तरी दवाखाना. वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या तर मण्यार आत येत नाही. आणि साप मारून आणू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविषाची लस एकच आहे, तिच्यासाठी साप दाखवावा लागत नाही. त्याच्या मागे धावण्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो.

भगताला सभेला बोलवा. आमच्या गावचे भगत आता अंगारा लावतात आणि लगेच १०८ ला फोन करायला सांगतात. आधी चार वेळा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावं लागलं.

रानजाई

शनिवार झाला. तो बाप आला होता. पिशवी आधी त्याच्याच हातात दिली. त्यानं ओळीनं सात चिंचोके काढले, सातही साधे. आठव्याला चुना निघाला. तो चिंचोका त्यानं बराच वेळ बोटांत फिरवला, बोलला काही नाही. सगळे गेल्यावर थांबून म्हणाला, “चुलत्याला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी नेला हुता बाई.”

मी फक्त “हो” म्हटलं.

दह्याची वाटी आणि दुधाची वाटी मुलांनीच वाकडी करून दाखवली, ते बायकांच्या चांगलं लक्षात राहिलंय. आजींनी मच्छरदाणीचा भाव विचारला. उद्या शाळा सुटली की भगतांच्या घरी जातेय. १०८ हा आकडा त्यांच्या दाराच्या चौकटीवर मुलांनी रंगानं लिहिला तर चालेल का, हे विचारायचंय.