बेटावरच्या गावात जुनं घर: व्यवहाराआधी नेमकं काय तपासायचं?

पागोळी
नमस्कार मंडळी. एका लहान बेटावरच्या गावात ३० वर्षांचं दुमजली आरसीसी घर विकाऊ आहे. भरतीची रेषा घरापासून अंदाजे १२० मीटर. सुट्टीपुरतं नाही, बारमाही राहायला हवंय.

पाहणीत दिसलेल्या गोष्टी: वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत स्लॅबच्या तळाला तांबूस सरळ रेघा आहेत. दर्याकडच्या एका छज्ज्याचा पोपडा सुटून सळई उघडी पडली आहे. "वरून नवा गिलावा मारला की झालं" असं सांगितलं जातंय. आवारातली विहीर उन्हाळ्यात मचूळ होते. ती आणखी दोन मीटर खोल केली तर पाणी गोड लागेल, असंही सांगितलं जातंय. बोट दिवसातून दोनदा, समुद्र खवळला की बंद.

घर घ्यावं की नाही, हे ठरवायला कोणत्या तपासण्या कराव्यात, आणि कुठलं काही दिसलं तर सरळ नाही म्हणावं?

खडीवाळू
रेघ सळईच्या ओळीनेच जात असेल तर दोष गिलाव्यात नाही, आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो आणि ती काँक्रीट फोडून घेतो. पोपडा सुटला तो याच दाबाने. त्यावर गिलावा मारला तर एक-दोन पावसाळ्यांत तोही फुगेल, आणि मधल्या काळात सळई किती खाल्ली गेली ते कळणारसुद्धा नाही.

चांगल्या काँक्रीटचा सामू १२.५ ते १३ असतो. तेवढ्या अल्कधर्मी जागेत सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले क्लोराइड (मिठातला गंज लावणारा घटक) मुरत मुरत सळईपर्यंत पोचले की सामू तसाच असतानाही त्या थराला ठिकठिकाणी भोकं पाडतात. इथे एक नेहमीची फसगत होते. तपासणीला आलेला माणूस ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कधर्मी जागी गुलाबी होणारं रसायन) फवारतो, रंग गुलाबी येतो आणि 'काँक्रीट उत्तम' असा शेरा लिहून जातो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सामू उतरलेला नाही, एवढंच तो गुलाबी रंग सांगतो. मिठाबद्दल तो काहीही सांगत नाही, आणि समुद्राकाठी खरा शत्रू मीठच आहे.

म्हणून या तपासण्या मागा. आधी हातोडी: स्लॅबचा तळ, बीम आणि कॉलम वीत-वीत अंतरावर ठोकत जायचं. टणक आवाज बदलून बद्द झाला की तिथे थर सुटलेला आहे. खडूने गोल करा. मग कव्हरमीटरने सळईवरचं काँक्रीट मोजा. खाऱ्या हवेत ४५ ते ५० मिलिमीटर कव्हर हवं. जुन्या छज्ज्यांत ते बऱ्याचदा १५-२० भरतं. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, क्लोराइडची. ड्रिलने ० ते २०, २० ते ४० आणि ४० ते ६० मिलिमीटर खोलीची भुकटी वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन प्रयोगशाळेत द्यायची. सळईच्या खोलीवर क्लोराइड सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांहून जास्त असेल तर गंज सुरू झाला आहे किंवा होण्याच्या बेतात आहे असं धरा. वरच्या थरापासून आतपर्यंत सगळीकडे सारखंच जास्त निघालं, तर मीठ वाऱ्याने आलेलं नाही. बांधतानाच खारी वाळू किंवा खारं पाणी वापरलंय. असं घर मी तरी घ्या म्हणणार नाही, कारण तो दोष दुरुस्तीने जात नाही.

जमलं तर हाफ-सेल चाचणीही (सळईचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज घेणारी) करून घ्या. तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त उणे आकडा आला, तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात.

नाही म्हणण्याची खूण कॉलमच्या मुळाशी सापडते. दर्याकडच्या कोपऱ्यातल्या एका कॉलमभोवती अर्धा मीटर माती उकरायला सांगा. जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात ओल चढते, वाळते, मीठ मागे ठेवते आणि पुन्हा चढते. सगळ्यात वाईट गंज तिथेच असतो. उभा तडा, कोपऱ्यावरचं काँक्रीट हाताने निघणं, सळईवर कांद्यासारखे पापुद्रे, यांतलं काहीही दिसलं तर थांबा. छज्जा तोडून नवा करता येतो. चार कॉलम कुजलेलं घर वर उचलून धरून दुरुस्त करणं, तेही बेटावर, बहुतेक वेळा नव्या बांधकामाच्या आसपास जातं.

झरा
विहीर खोल करू नका. बेटावर याच्याइतका घातक सल्ला दुसरा नाही.

बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, गोड्याची १. या फरकामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी, त्याच्या साधारण ४० पट खोलवर गोडं पाणी असतं. गायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. पाणी सपाटीच्या वर ३० सेंटिमीटर असेल तर खाली सुमारे १२ मीटर गोडं. उपशाने तीच पातळी १० सेंटिमीटर उतरली की खारं पाणी हळूहळू ४ मीटर वर सरकतं. प्रत्यक्षात दोन्हींमधली सीमा रेघेसारखी नसते, मचूळ पाण्याचा जाड पट्टा असतो, त्यामुळे बिघाड त्याच्याही आधी जाणवतो. म्हणजे तळ दोन मीटर खाली नेणं म्हणजे बादली खाऱ्याच्या दोन मीटर जवळ नेणं.

'थोडं मचूळ' हा शब्द मोजून घ्या. पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की जिभेला कळतं. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९,००० असतं. नुसतं दोन टक्के समुद्राचं पाणी मिसळलं तरी आकडा ३८० वर जातो आणि चहा बिघडतो. हातात मावणारा कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून खारटपणा सांगणारा) घ्या आणि मापं उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस पडण्याआधी घ्या: भरतीला एक, ओहोटीला एक, आणि तासभर पंप चालवून एक. पंपानंतरचा आकडा झपाट्याने चढला तर विहिरीच्या तळाखाली खाऱ्याचा शंकू वर ओढला जातोय. तिथे मोठा पंप कामाचा नाही. अर्ध्या अश्वशक्तीहून लहान पंप, फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीचं पाणी ओढणारं तोंड) वरच्या थरात तरंगता, आणि थोडं थोडं दिवसातून तीन-चारदा उपसायचं. पावसाळ्यानंतर घेतलेलं माप दाखवून कुणी खात्री देत असेल तर ते माप विसरा.

पिण्यासाठी पावसाचं पाणी साठवा. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १००० लिटर, त्यातलं ८०० हाती लागतं. पावसाळ्याच्या पहिल्या सरींचं आणि मोठ्या उघडिपीनंतरचं पहिलं दोन मिलिमीटर पाणी, म्हणजे या छपराचं २०० लिटर, सोडून द्या. छपरावर मिठाचा थर आणि पक्ष्यांची घाण असते.

घरातल्या साध्या आरओने समुद्राचं पाणी गोड होत नाही. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाबच (गोडं पाणी पडद्यातून ढकलताना मिठामुळे होणारा विरोध) सुमारे २७ बार असतो आणि यंत्रं ५५ ते ७० बारवर चालवतात. मचूळ पाण्यावर लहान यंत्र चालतं, पण त्याचं टाकाऊ खारट पाणी शोषखड्ड्यात सोडलं तर ते फिरून तुमच्याच विहिरीत येतं. ही चूक बेटावर घरोघरी होते.

सेप्टिक टँक कुठे आहे तेही बघा. पाण्याची पातळी वर असल्यामुळे शोषखड्ड्याचा तळ आणि पाणी यांत दीड-दोन मीटर कोरडी माती उरत नाही. शेजाऱ्याचा खड्डासुद्धा मोजा. विहिरीपासून किमान ३० मीटर हवा.

पागोळी
खूप उपयोगी, आभार. समजा कॉलम ठणठणीत निघाले आणि छज्जे तोडून नवे करायचे, स्लॅबचे काही पट्टे दुरुस्त करायचे ठरले. अंदाजे ६ घनमीटर काँक्रीट. सगळं बोटीने. काय धरून चालायचं?

खडीवाळू
वजन धरून चाला, घनमीटर नाही. ६ घनमीटर म्हणजे साडेचौदा टन: सिमेंटच्या ५० किलोच्या ४६ गोणी, वाळू सव्वाचार टन, खडी सातच्या आत-बाहेर, आणि मिसळायला १००० लिटर गोडं पाणी. पाण्याचं हे माप सिमेंटच्या ०.४५ पटीच्या खाली राहतं. गवंड्याने 'जरा पातळ करू' म्हणून बादली वाढवली की मिठाला आत यायला वाट मोकळी. विहिरीचं मचूळ पाणी मिसळायला नाही आणि शिंपायलाही नाही. किमान १० दिवस गोणपाट ओलं ठेवायचं तर त्याचंही पाणी आधी मोजून ठेवा.

वाळू बेटावर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. मूठभर वाळू शुद्ध पाण्यात ढवळा, वरचं पाणी निथळून घ्या आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधासारखं पांढरं झालं तर मीठ आहे. सिमेंटच्या गोण्या बोटीवर ताडपत्रीच्या वर आणि खाली अशा दोन्ही थरांत हव्यात. गाठी झालेली गोण परत करा.

एक सापळा दुरुस्तीत असतो. फुटलेला तेवढाच तुकडा काढून नवं काँक्रीट भरलं की काही वर्षांत त्या ठिगळाच्या कडेने नवा गंज दिसतो. जुनी गंजकी जागा आजूबाजूच्या सळईला नकळत वाचवत असते. ती बरी झाली की तो आधार जातो आणि कडेचा मीठ भरलेला भाग गंजू लागतो. त्यामुळे सळईच्या मागे दोन-अडीच सेंटिमीटर बोट जाईल इतकं खोदून, क्लोराइडचा आकडा खाली येईपर्यंत बाजूलाही पुढे जायचं. सळईच्या छेदाचं क्षेत्रफळ चौथाईहून जास्त घटलं असेल तर शेजारी नवी सळई बांधा, पुरेशा ओव्हरलॅपसह.

बिजागऱ्या, कठड्याचे स्क्रू, टाकीचे क्लॅम्प ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ ला खाऱ्या हवेत चहासारखे डाग पडतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते टिकतं.

दीपस्तंभ
घराबद्दल वर सगळं आलं. जमीन आणि गाव यांबद्दल लिहितो, कारण बारमाही राहायचं तर तेही तितकंच महत्त्वाचं.

१२० मीटर हे आजचं माप आहे. गूगल अर्थवर जुनी चित्रं उघडा, न हलणारी एक खूण धरा (देऊळ, धक्क्याचा कोपरा) आणि तिथून झाडोऱ्याच्या कडेपर्यंतचं अंतर मिळतील त्या सगळ्या वर्षांसाठी मोजा. वाळूचा किनारा पाच वर्षांत आत येतो आणि बाहेरही जातो, म्हणून दोन चित्रांवरून निष्कर्ष काढू नका. शेजाऱ्याने दगडी बांध घातला असेल तर जास्त सावध व्हा. बांधावर आपटून परतणारी लाट समोरची वाळू ओढून नेते, आणि बांध संपतो तिथल्या उघड्या प्लॉटची धूप वाढते.

जोत्याची उंची डंपी लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीसारख्या यंत्राने) काढा आणि गावातल्या सर्वांत वाईट तुफानाच्या पाण्याच्या खुणेशी ताडा. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दांनी निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का, म्हणजे ३० वर्षांत २६ टक्के. अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन बेटावर ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात हजारो माणसं गेली. त्यानंतर तिथे भिंत बांधून भागलं नाही. दोन हजारांहून जास्त इमारती जॅकवर उचलून खाली भराव टाकावा लागला.

कागदपत्रांत तीन गोष्टी पाहा: किनाऱ्यापासून किती अंतरात नवं बांधकाम किंवा वाढीव मजला चालत नाही, धक्क्यापर्यंतची वाट कोणाच्या मालकीच्या जमिनीतून जाते आणि ती हक्काची आहे की केवळ वहिवाटीची, आणि बाहेरच्या माणसाला तिथे घर घेता येतं का. शेवटचा प्रश्न नुसता कागदी नाही. फिनलंडच्या ऑलंड बेटांवर स्थावर मालमत्तेची मालकी स्थानिक रहिवासी-हक्काशी जोडलेली आहे, आणि बाहेरून आलेल्याला तो हक्क मागायला आधी पाच वर्षं तिथे राहावं लागतं. अशा नियमाचा लोकांना राग येतो, पण त्यामागचं कारण खरं आहे. व्हेनिसच्या जुन्या बेटांवर १९५१ मध्ये पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये आकडा ५० हजारांच्या खाली आला. घरं आहेत, राहणारे गेले. उलट स्कॉटलंडच्या एग बेटावर १९९७ मध्ये रहिवासी भागीदार असलेल्या ट्रस्टने बेटच विकत घेतलं, आणि घरं कुणाला द्यायची हे तो ट्रस्ट ठरवू लागला.

म्हणून हंगाम नसताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी, रात्री आठला गावातून फिरा आणि दिवे लागलेली घरं मोजा. दहांतली तीनच उजळली असतील तर शाळा, दवाखाना आणि दुसरी बोट टिकवणं गावाला अवघड जाणार. पहिल्यांदा संध्याकाळची फेरी बंद होते, आणि ती बंद झाली की पलीकडे नोकरी करणारं कुटुंब बेट सोडतं. शाळेचा पट गेल्या दहा वर्षांचा मागा. बोट गेल्या दोन वर्षांत किती दिवस रद्द झाली त्याची नोंद मागा. रात्री अडलेल्या बाळंतिणीला किंवा छातीत दुखणाऱ्याला पलीकडे कसं नेतात, कोण नेतं, हे दोन वेगळ्या घरांत विचारा. उत्तरं जुळतात का बघा. धक्क्याची डागडुजी, कचरा पलीकडे नेणं, सार्वजनिक टाकी, जनरेटरचं डिझेल यांची वर्गणी कोण गोळा करतं आणि कुणाची थकली आहे, तेही कळू द्या. तिथे येणाऱ्याने पहिल्या वर्षी वर्गणी वेळेवर द्यावी आणि श्रमदानाला हजर राहावं. वादळाच्या आदल्या संध्याकाळी दोर धरायला येणारे हात हेच असतात.

झरा
साठेखतात दोन अटी घालून घ्या. क्लोराइडचा अहवाल आणि कॉलमच्या मुळाची पाहणी समाधानकारक नसेल तर विसार परत. आणि पाण्याचं माप उन्हाळ्याच्या अखेरीस घेतल्यावरच खरेदीखत. तेवढं थांबायला मालक तयार नसतील तर विहीर नाहीच असं समजून, छप्पर आणि टाकीच्या हिशेबावर घराची किंमत ठरवा.