अनुभव धागा : "त्यांचं सगळं कोण करतं?"

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की भेटायला आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला विचारतोच, "मग त्यांचं सगळं कोण करतं?" या 'करणाऱ्या'ला मराठीत धड नाव नाही. 'काळजीवाहू' म्हटलं की राजीनामा दिलेला मुख्यमंत्री डोळ्यांपुढे येतो. 'सेवा' म्हटलं की तक्रारीची सोय संपते. 'केअरटेकर' म्हणजे ब्युरोकडून आलेली पगारी बाई. म्हणून घरात बिनपगारी करणाऱ्याला मी सरळ 'करणारी' किंवा 'करणारा' म्हणते.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि साडेचार वर्षं मी करणारी होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून भरवलं की अर्धा तास टेकवून बसवायचं, एअर मॅट्रेसची मोटर चालू आहे ना ते रात्री उठून बघायचं. येणारा प्रत्येक जण त्यांची चौकशी करी. माझी पहिल्यांदा केली ती कचऱ्याच्या गाडीवरच्या भैयाने. आपल्या इंदूरात डायपर ओल्या-सुक्यात चालत नाहीत, गाडीला त्यांचा खण निराळा. आमची ती रोजची पिशवी तीन दिवस आली नाही, तेव्हा गाडी थांबवून तो म्हणाला, "माताजी ठीक हैं ना? और आप?" सासूबाई हॉस्पिटलात होत्या. त्या 'और आप'वर मी गेटला धरून रडले.

इथे नियम एकच. पेशंटचा आजार दोन ओळींत उरका, बाकी स्वतःबद्दल लिहा. कोणती मदत खरी झाली आणि कोणती डोक्याला ताप, तेही. हॉस्पिटलांची, माणसांची नावं नकोत.

टिळकनगर, वय ७४

हिला विसरण्याचा आजार, सहा वर्षं झाली. बँकेत जन्म काढला आणि साडी नेसवायला सत्तरीत शिकलो. पाचवी निरी बोटांत येईस्तोवर पहिली सुटते. गाऊन सोपा पडतो, पण गाऊनमध्ये ही आरशातल्या बाईला ओळखत नाही, साडीत ओळखते. म्हणून साडी.

रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास हिला घरी जायचं असतं. घर म्हणजे धार, हिचं माहेर. आधी मी वाद घालायचो, "अगं, हेच आपलं घर." मग आरडाओरडा, दाराची कडी, शेजारी बाहेर. आता मुकाट्याने चपला घालतो, कॉलनीला एक फेरी मारतो आणि आपल्याच फाटकाशी येऊन म्हणतो, "आलं बघ धार." बहुतेक वेळा पटतं. एकदा म्हणाली, "धारला एवढ्या उंच बिल्डिंगा कधी झाल्या?" मी म्हटलं, मलाही आजच दिसताहेत.

पहिली दोन वर्षं लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही, आणि तीच सगळ्यात वाईट गेली. नंतर किराणावाला, कपड्यांचा प्रेसवाला आणि समोरचा चौकीदार, तिघांना बोलावून सांगून टाकलं. आता ही एकटी निघाली तर किराणावाला तिला स्टुलावर बसवतो, हातात पार्ले-जी देतो आणि मला फोन करतो. एवढी एक गोष्ट झाली आणि मी दुपारी झोपू लागलो.

आणखी एक. हिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी एकदा सहज बीपीचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. १८०/१०५. तोवर त्यांच्या लेखी मी 'सोबत आलेला' होतो.

वैशालीनगर

"काही लागलं तर सांग." हे वाक्य बोलणाऱ्यांची माझ्याकडे यादी आहे. अहो, सांगायलाही ताकद लागते. त्यावर सल्ले फुकट! सासऱ्यांच्या पाठीला जखम झाली तेव्हा एकीने हळद भरायला सांगितली, दुसरीने कुठल्याशा बाबाचं तेल आणून दिलं. कूस बदलायला हात कुणी लावला नाही.

माझी जाऊ देवासला असते. तिने ते वाक्य कधीच उच्चारलं नाही. एक शनिवार आड दुपारच्या बसने येते, पर्स खुंटीला लावते आणि म्हणते, "निघ." पहिल्यांदा मला कुठे जायचं तेच सुचेना. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन एकटीने दोन खोपरा पॅटिस खाल्ले आणि पाऊण तासात परत. तिने दारच उघडलं नाही! आतून म्हणते, "सहाच्या आत आलीस तर ओटल्यावर बस."

राजेंद्रनगर, वडील

मुलगा २२ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही. भावनेचं बाकीचे लिहितीलच, मी कागदांचं लिहितो, कारण आम्हाला ते कुणी वेळेवर सांगितलं नाही.

मूल १८चं झालं की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत सही अडली तेव्हा कळलं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याची स्थानिक समिती कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली असते. त्याच ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, आधी काढा, पुढचं सगळं त्यावर अडतं. आयकरात अशा माणसाच्या देखभालीसाठी (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. पण जुन्या कररचनेतच. आम्ही एक वर्ष नव्या रचनेत गेलो आणि ती घालवून बसलो.

२०१६च्या दिव्यांग कायद्यात, कलम २४मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजी घेणाऱ्याच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. आमच्या हाती तो आजवर पडलेला नाही. बायकोने शाळेतली नोकरी सोडली त्याला १७ वर्षं झाली. ती घरात 'काही करत नाही' असं परवा माझ्याच तोंडून फॉर्म भरणाऱ्याला सांगून झालं. ती शेजारीच उभी होती.

रामबाग, वय ८१

मी सासूचं केलं, आजेसासूचंही केलं. आपल्या माणसाचं करण्यात कौतुक कसलं हवंय तुम्हाला?

धागा काढणारी

काकू, मान्य. पण तेव्हा घरात माणसं किती होती?

रामबाग, वय ८१

अकरा. तरी कंबर माझीच गेली.

वैशालीनगर

काकू, हे मोजलंयसुद्धा. २०१९च्या सरकारी वेळवापर पाहणीत, घरच्यांची काळजी घेणाऱ्यांपैकी बाईचा दिवसाला सरासरी १३४ मिनिटं वेळ त्यात जात होता, पुरुषाचा ७६. यात पोरंबाळंही आली. टिळकनगरचे काका त्या ७६त बसत नाहीत, हे मान्य.

लेस्टर (इंग्लंड), माहेर इंदूर

माझे मिस्टर पार्किन्सनचे. इथे दवाखान्यात माझी स्वतःची नोंद 'केअरर' म्हणून आहे, फ्लूची लस त्यामुळे फुकट मिळते. २०२४च्या एप्रिलपासून नोकरीत अशा कामासाठी वर्षाला आठवडाभर रजाही हक्काने घेता येते, बिनपगारी का होईना. पण खरं सांगू? दाराशी देवासची जाऊ इथे नाही.

परदेशीपुरा, बी.एस्सी. दुसरं वर्ष

पप्पांचं डायलिसिस मंगळ-गुरु-शनि, चार-चार तास. मम्मी नोकरीवर, म्हणून मीच नेऊन राहिलोय. पाण्याचं मापही माझ्याकडे. डॉक्टरांनी दिवसाचं ठरवून दिलंय, त्यात चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट, सगळं मोजावं लागतं. उन्हाळ्यात पप्पा पाणी मागतात आणि मला नाही म्हणावं लागतं. त्यानंतर जेवण जात नाही.

हा धागा वाचेपर्यंत मी 'करणारा' आहे असं वाटलंच नव्हतं. मला वाटायचं, मी अटेंडन्स शॉर्ट असलेला मुलगा आहे. एकदा रात्री दोनला १४४१६ला फोन केला होता, टेलिमानसचा नंबर, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २४ तास चालू असते. समोरच्या ताईने आधी माझं वय विचारलं, मग झोप किती होते ते. पप्पांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा रिपोर्ट, नंतर.

धागा काढणारी

सासूबाई चैत्रात गेल्या. अजून दर दोन तासांनी जाग येतेच. दर शनिवारी तीन ते पाच मी कुणाकडेही बसायला येऊ शकते, सुदामानगर-अन्नपूर्णा भागात. कूस बदलता येते, नळीतून भरवता येतं. इंजेक्शन देता येत नाही, आणि गीतापाठ करायला सांगू नका.

परदेशीपुरा

काकू, आम्ही लांब आहोत आणि शनिवारी डायलिसिस. पण पुढच्या मंगळवारी माझं प्रॅक्टिकल आहे, ११ ते २. पप्पांजवळ नुसतं बसायचंय.

धागा काढणारी

येते. त्यांना किती घोट चहा चालतो तेवढं लिहून ठेव.