मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया आरएसला लोअरिंग स्प्रिंग्ज, पण आईची पाठ पण वाचली पाहिजे

मंडळी, बडोद्यात राहतो, मांजलपूरला. २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० आहे, सेकंडहँड घेतलेली. गाडी भारी आहे पण पुढच्या टायर आणि फेंडरमधल्या फटीत माझी चार बोटं आरामात जातात आणि रोज पार्किंगमध्ये तेच दिसतं, काय करू, खटकतं म्हणजे खटकतंच.

गाडी खाली बसवणाऱ्या (लोअरिंग) स्प्रिंग्जमध्ये आयबाख कंपनीचं प्रो-किट बघतोय, साधारण २५-३० मिमी खाली येते म्हणतात. एच अँड आर कंपनीचं पण बघितलं. मित्र म्हणतो ४० मिमीवालं घे, लूक तिथेच आहे, पण त्याच्या गाडीत मागे कोणी बसत नाही! माझ्याकडे दर रविवारी आई मागे बसते, दांडिया बजारला मावशीकडे जायचं असतं, आणि बंप आला की आधीच "अरे हळू" सुरू होतं.

आता विचारायचं हे की प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग (दाबली जाईल तशी कडक होत जाणारी) रोजच्या वापरात खरंच मऊ वाटते का? शॉक्स (शॉक अब्सॉर्बर) कंपनीचेच आहेत, ७० हजार किमी झालेत, ते तसेच ठेवले तर लवकर जातील ना? एका गॅरेजवाल्याने चक्क ओरिजिनल स्प्रिंगच कापून देतो म्हटलं, तिथून पळालो.

अलाइनमेंट करावी लागणार ते माहितीये. पण पाच माणसं आणि डिकीत सामान असताना बंपस्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर लागणारा रबरी ठोकळा) आपटते का, हे वापरणाऱ्यांनीच सांगा. आणि अलकापुरीच्या गरनाळ्यातून (रेल्वेखालचा अंडरपास, पाणी भरतं तिथे) पावसाळ्यात कोणी लो गाडी काढलीये का?